खान्देशातल्या उन्हाळ्यात टिकणारा मदरबोर्ड

भाऊ, रायझन ९८००एक्स३डी प्रोसेसर घेतोयस ना, मग एक्स८७०ई चिपसेटच्या मदरबोर्डवर पैसे घालू नकोस. चांगला बी८५० चिपसेटचा बोर्ड पुरतो. उरलेले ग्राफिक्स कार्डात टाक. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, म्हणून लाइटिंग नंतर बघ, आधी व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर) उष्णता ओढून घेणारा जाडजूड हीटसिंक आहे का ते बघ. जुन्या साठ्यातला बी६५० बोर्ड स्वस्तात मिळाला तर बायोस फ्लॅशबॅकचं बटण हवंच (त्याने पेनड्राइव्हवरून बायोस, म्हणजे बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट होतं), नाहीतर जुना बायोस नवा प्रोसेसर ओळखणारच नाही. अपडेट करताना यूपीएस लाव, मध्येच लाइट गेली तर बायोस बिघडतो. रॅम डीडीआर५, ६००० वेगाची, १६ जीबीच्या दोनच पट्ट्या, प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. चार लावल्या की वेग पडतो. पहिल्यांदा चालू केल्यावर मेमरी ट्रेनिंगमुळे (बोर्ड रॅमशी जुळवून घेतो त्यामुळे) स्क्रीन काही मिनिटं काळीच राहते, घाबरून पॉवर बंद करू नकोस.