गिटारवर वेगवान पिकिंग : वाचकांचे प्रश्न

मेट्रोनोमवर (ठेका देणारं यंत्र) मिनिटाला ८० मात्रांपासून हळूहळू वेग वाढवत आलो. १२० ला एका मात्रेत चार स्वर वाजवताना हात कोपरापासून आखडतो. काय करू? (लातूर)

१२० ची चौगुण म्हणजे सेकंदाला पिकचे (तार छेडायची छोटी पट्टी) आठ स्ट्रोक. इथे जोर कामाचा नाही. सावकाश वाजवताना हात कसाही हलवला तरी खपून जातं, म्हणून ८० ला बसलेली हालचाल १२० ला टिकेलच असं नाही. जरा उलट्या बाजूने या. डावा हात विसरा, एकाच तारेवर मनगटातून जमेल तितका जलद ट्रेमोलो, म्हणजे एकच स्वर भराभर खाली-वर छेडणं, पाच-सहा सेकंद करा. कोपर सैल राहिलं की तीच तुमची हालचाल. मग १२० वरच एक मात्रा चौगुण, पुढच्या मात्रेत एकच स्वर, असं आलटून पालटून वाजवा. तबल्याची बैठक असेल तर तोंडाने बोल म्हणत वाजवा. लय हातात लवकर उतरते.

एका तारेवर हात छान पळतो, पण तार बदलली की पिक अडकतं. दहावीत आहे, शिकवायला कोणी नाही. (परभणी)

तुझा हात चांगलाच आहे, अडचण पिकच्या वाटेची आहे. अपस्ट्रोकला (खालून वर) पिक तारांमधून मोकळं बाहेर येत असेल, तर डाउनस्ट्रोकनंतर (वरून खाली) ते दोन तारांच्या मध्ये अडकून राहतं. तिथून पुढची तार गाठायची तर आड येणाऱ्या तारेवरून उडी मारावी लागते. म्हणून प्रत्येक तारेवर दोन किंवा चार स्वर घे, सुरुवात डाउनने कर. तार सोडताना नेहमी अपस्ट्रोक येईल आणि पिक मोकळं असेल. गिटारवादक यंग्वी माल्मस्टीनच्या वाजवण्यात ही सोय जागोजागी दिसते.

तारेवर तीनच स्वर असतील तर? डाउन, अप, डाउन. आणि जाड तारेकडून बारीक तारेकडे जात असशील तर तोच डाउन न उचलता पुढच्या तारेवर ढकल. हे इकॉनॉमी पिकिंग. गिटारवादक फ्रँक गॅम्बालीने या वाटेवर फार मोठं काम केलं आहे. दोन्ही पद्धती शिक, पण एका वेळी एकच. दोन्ही एकदम धरलेली मुलं महिनोन्‌महिने तिथेच अडकलेली मी पाहिली आहेत.

पिक कोणतं घ्यावं? (नांदेड)

१ ते १.५ मिलिमीटर जाडीचं, छोटं, टोकदार. पातळ पिक वाकतं आणि परत येताना उशीर करतं. टोक बाहेर थोडंच ठेवा.

लोडशेडिंगमध्ये अँप बंद असतो. तसाच सराव चालेल का? (बीड)

चालेल, पण बेताने. बिन अँपच्या इलेक्ट्रिक गिटारचा आवाज बारीक, म्हणून नकळत तार जोरात ओढली जाते आणि तोच जोर अंगवळणी पडतो. वीज नसेल तेव्हा डाव्या हाताचं काम उरका. वीज आली की आधी क्लीन टोनवर, म्हणजे अँपच्या साध्या स्वच्छ आवाजावर, वाजवा. डिस्टॉर्शनमध्ये (रॉकचा खरखरीत, भरलेला आवाज) स्ट्रोकचा कमीजास्तपणा झाकला जातो. मग मात्र डिस्टॉर्शन लावाच, कारण न वाजवलेल्या तारांची गुणगुण तिथेच ऐकू येते आणि तळहाताने ती दाबायची सवय लागते.

उन्हाळ्यात घामाने तारा लवकर गंजतात. वाजवून झालं की सुती कापडाने पुसा.

ऑर्केस्ट्रात वाजवतो. मनगट दुखतं, बोटांना मुंग्या येतात. (धाराशिव)

जलद सराव आजपासून बंद. मुंग्यांकडे दुर्लक्ष करू नका, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. तोवर कार्यक्रमात कॉर्ड्स सांभाळा आणि सोलो कीबोर्डवाल्याकडे सोपवा.