गाडीत कायम माणसं भरलेली असतात, मग अलाइनमेंट रिकाम्या गाडीची का करतात?

तुमची एर्टिगा सीएनजीवरची, रोज सात माणसं घेऊन जळगाव-नाशिक, आणि पुढची दोन्ही टायरं आतल्या बाजूने खाल्ली जातायत. अलाइनमेंटवाला चाकांचे कोन जुळवताना गाडी रिकामी करून लावतो म्हणून त्याच्यावर तुमचा संशय आहे. मी फैजपूर-सावदा पट्ट्यात बरीच वर्षं हेच काम करतोय. तुमचा संशय मला कळतो, पण दोष बहुतेक तिथे नाही.

सात माणसं, सरासरी 65 किलो धरली तरी 455 किलो झाले. गाडी स्वतः साधारण बाराशे किलोची. म्हणजे तिच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त ओझं वर बसतं, आणि अर्थात ती दबते. पुढचा शॉकअप दबला की चाकाचा माथा थोडा आत झुकतो, हा कॅम्बर. टाय रॉड (स्टेअरिंगकडून चाक वळवणारा दांडा) आणि खालचा आर्म (चाकाला गाडीशी जोडणारा) आपापल्या वेगळ्या कमानीत फिरतात, त्यामुळे टोसुद्धा, म्हणजे वरून पाहिल्यावर चाकं किती आत किंवा बाहेर वळलेली दिसतात ते, किंचित हलतो. मागचा भार जास्त असेल तर गाडीचं नाक वर येतं आणि कॅस्टर, म्हणजे चाक ज्या रेषेभोवती वळतं तिचा पुढे-मागे कल, बदलतो. (हेडलाइटही वर जातो आणि समोरचा शिव्या घालतो. ज्या गाडीत स्टेअरिंगजवळ त्यासाठी छोटं चाक दिलेलं असतं, तिथेही ते कोणी फिरवत नाही.) पण माणसं उतरली की सगळं जागेवर येतं. हा फरक कंपनीने गाडी बनवतानाच हिशेबात धरलेला असतो, आणि मशीनमधले आकडे कंपनीने सांगितलेल्या वजनाचे असतात. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना ते रिकाम्या गाडीचे असतात. काही जर्मन गाड्यांना मात्र सीटवर वजनं ठेवूनच मोजायचं असतं.

माझीच एक चूक सांगतो. धंद्यात नवा असताना केळी भरलेली पिकअप थेट पिटवर आली. मागचे स्प्रिंगचे पाटे पार सपाट झालेले. ड्रायव्हर म्हणाला, "भो, गाडी तं कायम भरलेलीच राहते, अशीच लाव." मला पटलं. भरलेल्या गाडीवर टो मोजला आणि तसाच लावून दिला. महिन्याभरात तो परत आला. रिकामी गाडी रस्त्यावर भटकते म्हणे, आणि पुढच्या टायरवर हात फिरवला तर करवतीचे दात लागत होते. भरून जायचं आणि रिकामं यायचं, म्हणजे निम्मे किलोमीटर गाडी रिकामीच पळते, हे मी विसरलो होतो.

तुम्हीही आधी हातच फिरवून बघा. टायरच्या रुंदीवर आतून बाहेर, मग बाहेरून आत. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट्या दिशेला दात लागले, तर टो. आतली कड सरळ, गुळगुळीत झिजली असेल तर कॅम्बर. दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग शाबूत असेल, तर भाराच्या मानाने हवा कमी आहे. तिथे अलाइनमेंटचा काहीच संबंध नाही. मे महिन्यात 44-45 डिग्रीत कमी हवेवर भरलेली गाडी पळवणं म्हणजे टायर फोडायला निघणं. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो. बऱ्याच गाड्यांत कमी भाराचा आणि पूर्ण भाराचा आकडा वेगळा लिहिलेला असतो. हवा थंड टायरवर मोजा.

वजन खरं नुकसान करतं ते खड्ड्यात. रिकामी गाडी उडते, भरलेली आदळते. त्याने आर्मचे रबरी बुश फाटतात, बॉल जॉइंटला (आर्म आणि चाक यांच्यातला गोल सांधा) खेळ येतो, म्हणजे तो ढिला होतो, आणि दोन-तीन वर्षांनी स्प्रिंगच कायमच्या बसतात. मग रिकामी गाडीही भरल्यासारखी दबून उभी राहते. सपाट जागेवर चारही चाकांच्या वर मडगार्डपर्यंत पट्टीने मोजा. डावी-उजवी बाजू सारखी आली नाही, किंवा पुढून गाडी पूर्वीपेक्षा खाली वाटली, तर तुमच्या टायरचा चोर तिथेच सापडेल.

सीएनजीची टाकी गाडीतच राहते, तेव्हा तिच्यासकट लावा. डिकीतलं बाकीचं सामान मात्र काढा. मागच्या चाकांची काळजी नको, एर्टिगाला मागे एकच आडवा बीम आहे आणि तिथे फिरवायला काही नाही. मशीनवर चढवण्याआधी बुश आणि बॉल जॉइंट पहारीने हलवून दाखवायला सांगा. खेळ निघाला तर त्या दिवशी अलाइनमेंट करूच नका, आधी ते बदलून घ्या.