काउंटरवर मुलाचा क्यूआर? तो आजच काढा

पत्र थोडक्यात असं: नाशिकचे एक वडील लिहितात, मुलगा टीवाय बीकॉमला आहे, एसवायला ५४ टक्के पडले. आठ महिन्यांपासून मेन रोडच्या बाजूला एका स्पोर्ट्सच्या दुकानात संध्याकाळी सेल्समनचं काम करतो, पगार नऊ हजार. मालक वडिलांच्या ओळखीतले. आता मुलगा म्हणतो, सोडतो, तिथं खोटं बोलायला लावतात, डुप्लिकेट बूट ओरिजिनल म्हणून विकतात, एमआरपीवर जास्तीचं स्टिकर मारतात, बिल देत नाहीत. वडिलांचं म्हणणं, आधी कराटे सोडलं, मग सीएचा क्लास सोडला, आता हे. धंद्यात थोडं इकडंतिकडं चालतंच, आणि मालकांचा तर त्याच्यावर एवढा विश्वास की काउंटरवर त्याच्याच फोनपेचा क्यूआर लावलाय. त्याला टिकून राहायला कसं समजवायचं, आणि एमबीएच्या सीईटीला बसवू का?

नमस्कार दादा,

तुमच्या पत्रात मुलगा किती धरसोडीचा आहे यावर दोन पानं आहेत आणि दुकानात नेमकं काय चालतं यावर शेवटच्या पाच-सहा ओळी, त्यापण जाताजाता लिहिल्यासारख्या. मला त्या ओळींवरच बोलायचंय. ५४ टक्क्यांचं मला काही वाटलं नाही, क्यूआरचं वाचलं आणि धस्स झालं.

तुम्ही ते कौतुकानं लिहिलंय म्हणून जास्त काळजी वाटते. अहो, विश्वास असता तर दुकानाची किल्ली दिली असती, गल्ल्यावर बसवलं असतं, याच्या खात्यावर गिऱ्हाइकाचे पैसे कशाला घेतले असते? दुकानाचं स्वतःचं करंट खातं असतं, त्याचा क्यूआर असतो, त्यावर पैसे आले की विक्री कागदावर येते आणि मग जीएसटी भरावा लागतो. तेच पैसे तुमच्या मुलाच्या सेव्हिंग खात्यात आले आणि रात्री त्यानं एटीएममधून काढून मालकाच्या हातात ठेवले, की दुकानाच्या हिशोबात ती विक्री झालीच नाही, पण बँकेत तर झालीय ना, आणि ती तुमच्या मुलाच्या नावावर, त्याच्या पॅनवर. उद्या कुणी विचारलं की नऊ हजार पगाराच्या पोराच्या खात्यात एवढे लाख आले कुठून, तर उत्तर द्यायला मालक येणार नाहीत, 'तो त्याचा पर्सनल नंबर आहे, मला काय माहीत' म्हणून मोकळे होतील. २०२५ च्या जुलैमध्ये बंगळुरूत नुसत्या यूपीआयच्या जमेवरून छोट्या छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या होत्या, तेव्हा कितीतरी दुकानांवर 'यूपीआय नाही, कॅश द्या' अशा पाट्या लागल्या होत्या, आठवत असेल तुम्हाला. ते तर स्वतःचाच माल विकत होते, तुमचा मुलगा तर दुसऱ्याचा विकतोय. आणि दुसरी भीती याहून जवळची आहे, एखाद्या गिऱ्हाइकानं फसवणुकीतून आलेल्या पैशानं बूट घेतले आणि तिकडं कुणी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला तक्रार केली, तर पैसे जिथं जिथं गेले ती खाती गोठवतात. मग परीक्षेची फी भरायला गेला की कळतं खातं बंद आहे, आणि ते सोडवायला पोलीस स्टेशन आणि बँक अशा चकरा.

आता तुमचं ते 'थोडं इकडंतिकडं'. तुम्हीच लिहिलंय की एका गिऱ्हाइकावरून त्यानं इतकं मनाला लावून घेतलं, दोन दिवस नीट जेवला नाही. काय झालं होतं? दिंडोरीकडचा एक माणूस, पोराची सिलेक्शन ट्रायल म्हणून इंग्लिश विलोची, म्हणजे महागड्या लाकडाची बॅट घेऊन गेला, लेदर बॉलवर पहिल्याच नेटला तिला तडा गेला, तो परत आला तर मालकांनी तुमच्या मुलाला पुढं केलं आणि सांगायला लावलं की तुम्ही नॉकिंग केलं नाही, म्हणजे नवी बॅट आधी हातोडीनं ठोकून तयार केली नाही, म्हणून फुटली. ती बॅट स्वस्तातल्या काश्मीर विलोची होती, हे मुलाला माहीत होतं, कारण पुढून फेस शीट, म्हणजे पातळ पट्टी चिकटवली होती, लाकडाच्या रेषा, म्हणजे ग्रेन दिसूच नयेत म्हणून. नॉकिंग न करता बॅट फुटते हे खरंच आहे हो, म्हणून तर ही थाप खपते! काश्मीरची बॅट वाईट असते असंही नाही, टेनिस बॉलवर आणि शिकाऊ पोरांना ती छान, पण काश्मीर म्हणून विका ना, काश्मीरच्या भावात विका. इंग्लिशचा भाव त्या माणसानं कुठून आणला असेल याचा विचार तुमच्या मुलानं केला आणि त्याला घास गेला नाही, याला तुम्ही हळवेपणा म्हणताय. मी तर म्हणेन या वयात एवढी नजर आणि एवढी लाज असलेली पोरं फार थोडी भेटतात.

तुमच्या पत्रात एक गैरसमज आहे, आणि तो बऱ्याच घरांत असतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. तुम्ही म्हणता, 'तो नोकर माणूस, मालक सांगेल ते करायचं, जबाबदारी मालकाची.' असं नसतं. फर्स्ट कॉपीचे बूट ओरिजिनल म्हणून विकणं हा ट्रेडमार्क कायद्यात गुन्हा आहे, शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत, आणि कायद्यात शब्द 'जो विकतो तो' असा आहे, फक्त मालक असं नाही. माल खोटा आहे हे माहीतच नव्हतं, संशय यायला काही कारण नव्हतं, असं दाखवता आलं तर सुटका आहे, पण तुमचा मुलगा घरी येऊन रोज सांगतोय की माल डुप्लिकेट आहे, म्हणजे त्याला माहीत आहे. एमआरपीवर जास्त किमतीचं स्टिकर मारणं तसंच, किंमत कमी करायला स्टिकर चालतं, वाढवायला नाही. आणि बिल न देणं, खराब निघालेला माल परत न घेणं, हे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेत मोडतं. बिलावर काही मुदत लिहिली नसेल तर तीस दिवस धरतात. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी खराब मालाला लागू होत नाही, कितीही मोठ्या अक्षरात लावा.

आणखी एक, स्टॉक कमी आला म्हणून त्याचे अठराशे रुपये कापले, ते तुम्ही 'शिस्त लागते' म्हणून सोडून दिलंत. माल त्याच्या ताब्यात दिला होता का, हरवला तो त्याच्याच चुकीनं का, हे न बघता आणि त्याला बाजू मांडू न देता पगार कापता येत नाही. कामगार उपायुक्तांचं कार्यालय नाशिकमध्येच आहे, तिथं विचारता येतं.

मला वाटतं खरी अडचण वेगळीच आहे. मालक तुमच्या ओळखीचे, तुम्ही शब्द टाकून चिकटवलंय, आता मुलगा सोडून आला तर लग्नात-बारशात ते समोर आले की काय बोलायचं, हा प्रश्न तुमचा आहे, मुलाचा नाही. तो त्याच्या डोक्यावर देऊ नका. आणि सातवीतलं कराटे कृपा करून आता विसरा. सीएचा क्लास सोडला तर सोडला, न झेपणारी गोष्ट वेळेवर सोडण्यात काय वाईट आहे, सीएच्या पहिल्याच परीक्षेला, फाउंडेशनला, वर्षानुवर्षं अडकलेली मुलं मी बघते ना.

समजवायचं कसं विचारलंत, तर समजवू नका. त्याच्यासोबत दुकानात जा आणि तुम्हीच सांगा की उद्यापासून येणार नाही. ओळख तुमची आहे.

सीईटीचं म्हणाल तर एमबीए, बँकिंग, सगळं बीकॉमनंतरही करता येतं, आत्ता त्याला टीवायचे पेपर नीट काढू द्या.

आता पुढचं त्याला वाचायला द्या.

अरे बाळा, आधी तो क्यूआर काउंटरवरून काढ, आज, महिना संपायची वाट बघत बसू नको. बँकेतून आठ महिन्यांचं स्टेटमेंट काढ आणि दुकानाच्या एकेका एंट्रीवर खूण कर, मालकांना पैसे कधी, कसे दिले ते लिहून ठेव, त्यांचे व्हॉट्सअॅपवरचे मेसेज डिलीट करू नको. मग ते सगळं घेऊन बाबांसोबत एकदा सीएकडे जाऊन ये. नोकरी सोडल्याचं आणि पगार बाकी असल्याचं मेसेजवर लिही, साध्या शब्दात, भांडण नको. दुकानात व्हिडिओ काढून इन्स्टाला टाकायचा विचार डोक्यात आला असेल तर तो काढून टाक, त्यानं तूच अडकशील. दिंडोरीवाल्यांचा नंबर असेल तर त्यांना खरं काय ते सांग आणि ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर दे, तक्रार करायची की नाही ते त्यांचं ते ठरवतील.

बाबांनी एक गोष्ट एका ओळीत उरकलीय, की तू मशीनवर रॅकेटचं गटिंग, म्हणजे तारा ओढून बसवायचं काम शिकलास आणि पोरं तुझ्याकडूनच करून घ्यायला थांबतात. अरे, हे हातचं काम आहे! नवशिक्याच्या रॅकेटच्या तारांना किती ताण द्यायचा, थंडीत शटल कुठल्या स्पीडचं घ्यायचं, बॅटचे ग्रेन कसे बघायचे, हे ज्याला कळतं त्याला नाशिकमध्ये काम मिळेल, बॅडमिंटनचे हॉल केवढे झालेत आता. एखाद्या अकादमीत विचार, नाहीतर जिथं प्रत्येक वस्तूचं कॉम्प्युटरवर बिल निघतं अशा मोठ्या स्टोअरमध्ये. सरळ धंदा करणारी दुकानं आहेत शहरात, तुला नेमकं उलटं मिळालं. आधीचं का सोडलं असं विचारलं तर मालकाची उणीदुणी काढू नको, 'बिलाशिवाय विक्री होती, मला ते जमलं नाही' एवढंच बोल. ते ऐकून जो तोंड वाकडं करेल त्याच्याकडं जाऊ नको.

आणि संध्याकाळी घरी गटिंग करणार असशील तर गटचे पैसे वेगळे, मजुरी वेगळी, असं लिहून गिऱ्हाइकाला पावती देत जा.