यंत्रमानवाला एकटेपणा का दिला जातो?

चित्रपटांतील यंत्रमानवांना आणि खेळण्यांना माणसासारख्या मानसिक गरजा का दिल्या जातात, याचे उत्तर प्रेक्षकाच्या स्वभावात आहे. हायडर आणि सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी १९४४ मध्ये दोन त्रिकोण व एक वर्तुळ हलताना दाखवले, तरी पाहणाऱ्यांना त्यात दांडगाई आणि भीती दिसली. ‘वॉल-ई’मधील (२००८) कचरा दाबणारे यंत्र जुन्या चित्रफितीत हातात हात घेतलेले जोडपे पाहून स्वतःचेच दोन पंजे एकमेकांत गुंफते, तेव्हा एकही शब्द न उच्चारता सोबतीची गरज कळते. पुण्यात घरी हा चित्रपट पाहताना भाचीने ‘तो चालतो कसा?’ असे न विचारता ‘त्याला मित्र का नाही?’ असे विचारले. ‘टॉय स्टोरी’तील (१९९५) वूडी या खेळण्याचा मत्सरही आपली जागा जाण्याच्या भीतीतूनच येतो.