भारताने १९९० मध्ये श्रीलंकेतून सैन्य मागे घेतलं, म्हणजे आपण तिथे हरलो होतो का?

हाच प्रश्न माझे साडू मला वर्षानुवर्षं विचारत आलेत, तेही चारचौघांत. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

मी लष्कराच्या सिग्नल्सचा, म्हणजे बिनतारी संदेशवाल्यांतला. शेवटचे महिने श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावर त्रिंकोमालीत होतो. तोवर तिकडचं राजकारण पार फिरलं होतं. राजीव गांधींबरोबर करार करून ज्यांनी आम्हाला बोलावलं ते राष्ट्राध्यक्ष जयवर्धने गेले आणि प्रेमदासा आले. १ जून १९८९ ला त्यांनी जाहीरच करून टाकलं, जुलैअखेर निघा. वर आमच्याशी लढायला एलटीटीईला, म्हणजे वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी लढणाऱ्या तमिळ वाघांना, स्वतःच्या फौजेची हत्यारं पुरवली. डिसेंबरात दिल्लीत व्ही. पी. सिंग आले, मग थांबायचा प्रश्नच उरला नाही. यजमानच नको म्हणतोय तर निघायलाच हवं होतं; माझं म्हणणं, वर्षभर आधी.

मला डाचतं ते वेगळंच. आमच्या ठाण्याला लागून तमिळ नॅशनल आर्मीची पोरं होती. उत्तर-पूर्व प्रांताचे मुख्यमंत्री पेरुमाळ यांच्या सरकारसाठी आपणच उभी केलेली. बरीचशी रस्त्यातून, शाळेच्या वाटेवरून उचललेली. थोडं शिकवलं आणि रायफल हातात दिली. त्यातला एक आमच्या लंगरवाल्यांकडून मोडकीतोडकी हिंदी शिकला होता. मिसरूडही धड फुटलं नव्हतं. सेटजवळ येऊन बसायचा. अंपाराईतून आपली फौज हलली आणि त्यांचे तिथले तळ वाघांनी भराभर घेतले, ती खबर माझ्याच सेटवर आली. त्यालाही कळली. त्याने विचारलं, "साब, जहाज में हम भी?" मी वर विचारलं. उत्तर आलं, आपल्या कामाशी काम ठेव. दोन दिवसांनी तो रायफल ठेवून निघून गेला. पुढे काय झालं, माहीत नाही. पेरुमाळ भारतात आले, काही कार्यकर्ते आणि त्यांची कुटुंबं ओरिसात ठेवली गेली. बाकीची पोरं तिथेच.

२४ मार्च १९९० ला शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली. मद्रासला स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी आले नाहीत. साडू हे हमखास काढतात, जणू तोच पराभवाचा दाखला.

त्यांना माझं उत्तर ठरलेलं आहे: जूनमध्येच एलटीटीई प्रेमदासांवर उलटली. पूर्वेकडे शरण आलेले शेकडो पोलीस मारले, १९९३ मध्ये खुद्द प्रेमदासांना उडवलं. मग हरलं कोण?

हां, हेही सांगायला हवं की मी पाहिलं ते त्रिंकोमाली. जाफन्याची गोष्ट वेगळी. ऑक्टोबर १९८७ मध्ये तिथल्या रुग्णालयात डॉक्टर, नर्स, रुग्ण मारले गेले ते आपल्याच गोळ्यांनी, आणि तिथल्या तमिळ माणसाने आपल्याला शांतिसेना का म्हणावं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. आपलेही अकराशेच्या वर जवान गेले.

तुम्हाला 'हरलात' म्हणणारा कोणी भेटला, तर आधी त्याला विचारा की जिंकायचं काय ठरलं होतं. करारानुसार बंडखोरांनी काही दिवसांत शस्त्रं खाली ठेवायची होती, त्यांच्याशी लढाईची तयारी करून कोणी गेलंच नव्हतं. साडू या प्रश्नावर दर वेळी क्रिकेटवर येतात.