महिला पोलिसांनी पिस्तुलाचं होल्स्टर कसं निवडावं? माझं बरगडीला टोचतं आणि कमरेला घासतं

ताई, तुम्ही लिहिलंय की नाशिकच्या अकादमीतून पीएसआय होऊन नुकत्याच कोकणात, किनाऱ्यावरच्या ठाण्यात रुजू झालात. उजव्या कमरेला होल्स्टर लावलं की पिस्तुलाची मूठ बरगडीला टोचते, खालचं टोक कुल्ल्याच्या हाडावर घासतं, संध्याकाळी तिथे काळंनिळं झालेलं असतं, आणि ठाण्यात विचारलं की ‘होईल सवय’ एवढंच ऐकायला मिळतं. मी रत्नागिरी जिल्ह्यात बंदरावरच्या आणि हायवेवरच्या ठाण्यांत नोकरी केली आहे. सवय होत नाही. होतं काय, तर बाई हळूहळू पिस्तूल लावायचंच टाळायला लागते, कपाटात ठेवते, गाडीत ठेवते, आणि ते काळ्यानिळ्या डागापेक्षा फार वाईट. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी दुखतं का ते बघू. आपल्या कमरेपासून बगलेपर्यंतचं अंतर साधारणपणे पुरुषांपेक्षा कमी असतं आणि कमरेच्या खाली अंग बाहेर येतं. पुरुषाच्या पट्ट्यावरून होल्स्टर सरळ खाली लोंबतं. तेच आपण लावलं की त्याचं खालचं टोक कुल्ल्याला टेकून बाहेर ढकललं जातं, आणि खालचं टोक बाहेर गेलं की वरची मूठ आत वळते, थेट बरगडीत. शिवाय पिस्तूल बाहेर काढायचं तर नळी पूर्ण मोकळी होईपर्यंत हात वर न्यावा लागतो. आपल्याकडच्या, ईशापूरच्या सरकारी कारखान्यात बनणाऱ्या 9 मिमी पिस्तुलाची नळी पावणेपाच इंचाच्या आसपास. होल्स्टर पट्ट्याच्या वर चढवलेलं असेल तर कोपर जवळजवळ कानापर्यंत येतं, खांदा उचलला जातो, आणि घाईत मनगट वाकडं होतं. तुमच्या अंगात काही कमी नाही. ते होल्स्टर तुमच्या अंगाचा विचार करून बनवलेलंच नाही.

तेव्हा पहिला पैसा होल्स्टरवर घालू नका, पट्ट्यावर घाला. ईशापूरचं पिस्तूल किलोभराच्या आसपास भरतं, त्यात 13 राऊंडचं मॅगझीन, वर जादा मॅगझीन, वॉकीटॉकी. एवढं ओझं मऊ पडलेल्या पट्ट्यावर टाकलं की तो उजवीकडे झुकतो, मग आपण तो ओढून आवळतो आणि पोटात कळ येते. पाळीच्या दिवसांत तर विचारूच नका. पट्टा दोन पदरी, ताठ हवा. हातात आडवा धरून त्याचं टोक सोडलं तर लगेच मान टाकता कामा नये. आणि जमलं तर आत एक पातळ वेल्क्रोचा पट्टा पँटच्या लूपमधून, वर ड्युटीचा पट्टा, आणि दोघांना बांधणारे कीपर, असं करा. मग वरचा पट्टा आवळावा लागत नाही, तो आतल्या पट्ट्यावर बसतो. सरळ कापलेल्या पट्ट्याची खालची कड आपल्या कमरेवर रुतते आणि वरची कड उघडी राहते. वळण देऊन कापलेले पट्टे मिळतात, ते अंगाला धरून बसतात. पँट शिवताना शिंप्याला लूप रुंद आणि जास्त ठेवायला सांगा. बायकांच्या पँटला तो सवयीने अरुंद लूप लावतो आणि मग चांगला पट्टा आत जातच नाही.

आता होल्स्टर. तुम्हाला हवं ते पट्ट्याच्या थोडं खाली उतरलेलं आणि अंगापासून थोडं बाहेर काढलेलं. विक्रेते त्याला ड्रॉप-ऑफसेट म्हणतात. उतार किती? माझ्या मते दोन-तीन बोटं, त्याहून जास्त नको. फार खाली गेलं की बोलेरोत बसताना टोक सीटवर आपटतं आणि अख्खा पट्टा वर ढकलला जातो, म्हणजे पुन्हा बरगडीच. होल्स्टर ज्या लूपने पट्ट्यात अडकतं तो लूप आणि होल्स्टर यांच्या मध्ये पाचर घालता येते, वरच्या बाजूला जाड आणि खाली पातळ. कमरेच्या वळणाने जी फट पडते ती या पाचरीने भरते आणि मूठ बरगडीपासून सुटते. सध्याचं होल्स्टर बदलायला परवानगी मिळायला वेळ लागणार असेल, तर नुसत्या पाचरीनेही पुष्कळ फरक पडतो. फक्त ती लूपच्या बाजूला लावायची, पिस्तूल जिथे बसतं त्या पोकळीत काहीही चिकटवायचं नाही.

कोनाचा प्रश्न प्रत्येकीचा वेगळा. इंटरनेटवर सरसकट सांगतात की मूठ पुढे झुकलेली हवी. होल्स्टर हाडाच्या मागे असेल तर ते बरोबर. पण ते अगदी बाजूला, पँटच्या शिवणीवर असेल, तर सरळ उभं किंवा मूठ किंचित मागे झुकलेलं जास्त सोपं जातं, कारण कोपर वर न जाता मागे जातं. दोन्ही कोनांत बसवता येणारं होल्स्टर घ्या आणि घरी करून बघा.

मांडीला बांधायचं होल्स्टर नवीन मुलींना फार आवडतं, कारण बरगडीचा प्रश्न एका फटक्यात सुटतो. मी ते सुचवणार नाही. पळताना सगळं वजन मांडीवर झुलतं, पट्टा घामाने सरकतो, आणि शिमग्याच्या पालखीत किंवा आंगणेवाडीच्या जत्रेत मूठ लोकांच्या हाताच्या उंचीवर येते. पोटावरून आडवं काढायचं होल्स्टर गाडीत बसायला छान, पण गर्दीत त्याची मूठ समोरच्या माणसाकडे तोंड करून असते. पाठीच्या मधोमध तर कधीच नको. खडपावर घसरून पडलात तर मणक्याखाली लोखंड येतं.

गाडीचं मात्र खास सांगते, कारण परदेशी व्हिडिओ बघून गोंधळ होतो. आपल्याकडे अधिकारी पुढे डाव्या सीटवर बसतो. त्या सीटच्या बेल्टचं कुलूप आपल्या उजव्या कमरेपाशी येतं, म्हणजे नेमकं होल्स्टरवर. मुंबई-गोवा महामार्गावर तासन्‌तास गस्त घालताना मूठ त्या कुलपाला घासत राहते आणि होल्स्टरचा अंगठ्याने उघडायचा पट्टा आपोआप सुटू शकतो. होल्स्टर घेण्याआधी रिकामं पिस्तूल लावून ठाण्याच्या गाडीत बसून बघा. बेल्ट लावा, काढा, झटकन उतरा. होल्स्टर अर्धा इंच मागे सरकवलं की बहुतेक वेळा कुलूप मोकळं होतं.

आरामापेक्षा काही गोष्टी वरच्या, तिथे तडजोड नको. चाप (ट्रिगर) आणि त्याभोवतीची कडी पूर्ण झाकलेली हवी, कडक आवरणाने, बोटाने बाहेरून दाबली तरी चाप हलता कामा नये. पिस्तूल काढल्यावर होल्स्टरचं तोंड उघडं राहायला हवं. मऊ नायलॉनच्या होल्स्टरचं तोंड मिटतं, मग ते उघडायला डावा हात नळीच्या पुढे येतो. आणि पकड: खात्रीने रिकामं केलेलं पिस्तूल लावून, अंगठ्याने उघडायचा पट्टा बंद करून, होल्स्टर गादीवर उलटं धरून हलवा, पडता कामा नये. मग सहकारी महिलेला मागून मूठ ओढायला सांगा. बंदोबस्तात हात मागूनच येतो. आपला अंगठा लहान असतो, त्यामुळे मूठ पूर्ण पकडलेली असताना, पकड न बदलता, तो पट्टा उघडतोय का हे दुकानातच बघा. मधलं बोट चापाच्या कडीखाली नीट शिरायला हवं, तिथे होल्स्टरची कड आडवी येत असेल तर ते होल्स्टर तुमच्यासाठी नाही.

आता आपल्या हवेचं. चामडं अंगाला मऊ लागतं, कोरड्या गावी मी तेच सांगितलं असतं. पण जून ते सप्टेंबर इथे चामडं सुकतच नाही. कपाटात ठेवलं की पांढरी बुरशी, पितळी बटणांवर हिरवट थर, आणि भिजून भिजून तोंडाची कड लोळागोळा होते. ती मऊ पडलेली कड पिस्तूल परत घालताना आत दुमडते आणि चापावर येऊ शकते. असं चामडी होल्स्टर वापरातून काढूनच टाका, शिवून घेऊ नका. शिवाय चामडं ओल धरतं, त्यात रात्रभर पिस्तूल राहिलं तर स्लाइडवर, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागावर, सकाळी तांबूस ठिपके. किनाऱ्यावर कायडेक्सचं, म्हणजे कडक प्लास्टिकच्या पत्र्यातून तुमच्याच मॉडेलच्या मापाने दाबून काढलेलं, मला जास्त पटतं. ते पाणी पीत नाही. ग्लॉक या दुसऱ्या बनावटीच्या पिस्तुलासाठी केलेलं ईशापूरच्या पिस्तुलाला बसत नाही, एवढं ध्यानात ठेवा. ते कडक असल्यामुळे अंगाकडच्या बाजूला घाम साचतो आणि पुरळ येतं, म्हणून त्या बाजूला गुळगुळीत कड आणि शर्टच्या आत सुती बनियन हवं. बोटीवरून आलात की पिस्तूल काढून होल्स्टर गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा, मग पिस्तूल तेलाच्या फडक्याने पुसून ठेवा. खारा वारा नुसता अंगावरून गेला तरी मीठ ठेवून जातो. आणि होल्स्टरचे स्क्रू दर आठवड्याला हाताने तपासा, बोटीच्या थरथरीने ते ढिले होतात.

बोटीचं आणखी एक. लाइफ जॅकेट चढवलं की कमरेचं होल्स्टर त्याखाली गाडलं जातं. उतरलेल्या होल्स्टरचा इथेही फायदा होतो, मूठ जॅकेटच्या कडेखाली मोकळी राहते. जॅकेट घालून मुठीपर्यंत हात पोचतो का, हे धक्क्यावर उभं राहून बघून घ्या. किनारा सुरक्षेच्या ‘सागर कवच’ सरावात भर समुद्रात कळलं तर उपयोग नाही. पिस्तुलाची दोरी मात्र कधीही सोडू नका, आणि ती जॅकेटच्या आतून घ्या.

बाथरूमबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून मीच लिहिते. गणपतीत हायवेवर बारा-बारा तास बंदोबस्त, वाटेतल्या एखाद्या घरी विनंती करून जायचं. तिथे पट्टा सोडला की वजनाने होल्स्टर उलटतं. पिस्तूल होल्स्टरमधून काढायचंच नाही. ते खिडकीत, टाकीवर, खिळ्यावर ठेवायचं नाही, कारण विसरायला एक क्षण पुरतो. कीपर काढा, अख्खा पट्टा होल्स्टरसकट काढा, बकल पुन्हा लावा आणि तो गळ्यातून आडवा अडकवा, मूठ पुढे, आपल्या नजरेसमोर. उकिडवं बसलं तरी तो हलत नाही. हे घरी करून बघा. बाहेर सोबत महिला शिपाई असेल तर दाराशी थांबायला सांगण्यात लाज कसली?

हे वाचणाऱ्या परवानाधारक बायकांसाठी थोडक्यात. 9 मिमी तुम्हाला मिळत नाही, ती प्रतिबंधित बोअर (नळीच्या आतल्या व्यासाचं माप) आहे. तुमच्याकडे बहुधा .32 बोअरचं हत्यार असेल, कानपूरचं निर्भीक रिव्हॉल्व्हर वगैरे. ते अर्ध्या किलोच्या आसपास, त्यामुळे सोय सोपी. पण सलवारची नाडी तेवढंही वजन नीट धरत नाही, कमीजच्या आत स्वतंत्र पट्टा लावा आणि बाजूच्या चिरेतून हात पोचतो का बघा. पोटाला गुंडाळायचा इलॅस्टिकचा पट्टा चालेल, पण त्यात चापावर कडक कवच असेल तरच. पर्समध्ये नको. पर्स आपण दुकानाच्या काउंटरवर ठेवतो, एसटीच्या सीटवर ठेवतो, मुलं त्यात चॉकलेट शोधतात. सार्वजनिक जागी हत्यार झाकलेलं आणि पूर्ण तुमच्या ताब्यात असायला हवं, हे विसरू नका. ‘लेडीज’ म्हणून गुलाबी रंगात विकलं जाणारं बरंचसं सामान हे नेहमीचंच मऊ होल्स्टर असतं, त्यात बायकांच्या अंगाचा विचार शून्य.

तुम्ही सरकारी नोकरीत आहात, तेव्हा स्वतःच्या पैशाने घेतलेलं होल्स्टर लावण्याआधी वरिष्ठांकडून लेखी परवानगी घ्या. अर्जात ‘त्रास होतो’ एवढंच लिहू नका. मूठ बरगडीला लागल्याने पिस्तूल काढायला वेळ लागतो, असं लिहा आणि आर्मोररला, म्हणजे शस्त्रागार सांभाळणाऱ्याला, दाखवून त्याचं मत जोडा. घासून जखम झाली असेल तर डॉक्टरांचा कागदही लावा.

नवीन होल्स्टर आलं की लगेच बंदोबस्ताला लावून जाऊ नका. उंची बदलली की हात काही दिवस जुन्याच जागी जातो. राऊंड दुसऱ्या खोलीत, मॅगझीन बाहेर, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासलेलं, समोर भक्कम भिंत, आणि मग युनिफॉर्म घालून सावकाश काढण्या-घालण्याचा सराव करा. घालताना नेहमी बघून, बोट चापापासून दूर सरळ, अंगठा घोड्याच्या (हॅमरच्या) मागे. वेग मुद्दाम वाढवू नका. हात न बघता मुठीवर जायला लागला की फायरिंग बटवर, म्हणजे गोळीबाराच्या मैदानावर, आर्मोररच्या समोर राऊंड भरून करा, आणि त्यानंतरच ते होल्स्टर ड्युटीला लावा. तुमचं पिस्तूल ईशापूरचं आहे की ग्लॉक, आणि उजव्या हाताने चालवता की डाव्या, हे खाली कळवलंत तर उतार आणि कोन किती ठेवायचा ते नेमकं सांगते.