पालकाचं हिरवं पाणी

प्रश्न : माझं हिमोग्लोबिन ९.८ आलंय. सासूबाई माझ्यासाठी रोज पालक करतात, पण आधी उकडून ते हिरवं पाणी मोरीत ओततात. अशा भाजीत काही उरतं का? (एक वाचक, कऱ्हाड)

उत्तर : ताई, आधी एक सांगते, यावरून सासूबाईंशी वाद घालू नका. त्या पाण्यातून लोह फारसं जात नाही. जातं ते क जीवनसत्त्व आणि फोलेट, आणि फोलेट तर रक्त तयार व्हायला लागतंच. शिवाय थोडं ऑक्सलेटही जातं, म्हणजे कॅल्शियमला धरून खडे करणारा पालकातला घटक. घरात कुणाला मुतखड्याचा त्रास असेल, तर त्या माणसापुरतं सासूबाईंचं बरोबर आहे.

तुमच्यासाठी मात्र पाणी न घालता करा. जुडी चिरायच्या आधी धुवा. तेलात ठेचलेला लसूण आणि सुकी मिरची टाका, वर पालक. कढईबाहेर सांडणारा ढीग झाकण ठेवल्यावर तीन-चार मिनिटांत वाटीभर होतो, आपल्याच पाण्यात शिजतो. तेलात कंजूषी नको. अ जीवनसत्त्व ज्यापासून बनतं ते कॅरोटीन स्निग्धाशिवाय अंगी लागत नाही. गॅस बंद केल्यावर अर्धं लिंबू पिळा. आंबटाशिवाय पालेभाजीतलं लोह शरीर हात राखूनच घेतं.

आणि जेवण झालं की लगेच चहा घेता ना? मला पत्रं लिहिणाऱ्या दहांतल्या आठजणी घेतात. चहातलं टॅनिन लोह अडवतं. तो तासा-दीड तासाने घ्या.

आता जरा कटू. १०० ग्रॅम कच्च्या पालकात लोह साधारण ३ मिलिग्रॅम. आपल्याकडे बाईसाठी दिवसाला २९ मिलिग्रॅमची शिफारस आहे, आणि पालकातलं सगळं शोषलंही जात नाही. म्हणजे ९.८ पालकाच्या भरवशावर सोडायचं नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील तर त्या चुकवू नका, चहा-दुधाबरोबर घेऊ नका. पाळीत जास्त जातं का, हेही त्यांना स्पष्ट सांगा. बायका नेमकं तेच गाळतात. कॅल्शियमसाठीही पालक नको, ऑक्सलेट ते धरून ठेवतं.

रोज पालकच कशाला? माठ, राजगिरा, शेवग्याचा पाला आलटून-पालटून करा.

सासूबाई उकडल्याशिवाय ऐकतच नसतील, तर ते पाणी मागून घ्या आणि त्यात कणीक भिजवा. आमची आई थालिपीठं लावायची त्यात, पोपटी रंगाची.